सातव्या घरातला ठिपका

साठी उलटल्यावर सेकंड-हँड बेस गिटार घेऊन मनमोहनला काय मिळणार होतं, याचा हिशेब नलूने त्याच्या तोंडावर मांडला होता. जमेला, दुपारची झोप मोडायचं एक निमित्त. आणि विमा कंपनीत छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासलेल्या माणसाला स्वतःचं म्हणावं असं एक खूळ. खर्चाला, उजवा खांदा, कंबर, डाव्या हाताची चार बोटं आणि खालच्या मजल्यावरच्या चिंतामणीकाकांचा शेजारधर्म.

"शिल्लक काढलीस तर उणे येते," ती म्हणाली होती. "पण तू काढणार नाहीस."

नलू त्याची मामेबहीण. ठाकुरद्वारला पहिल्या मजल्यावर तिची एक खोली होती आणि दारावर 'नलू धुरंधर, खाजगी चौकशी' अशी पाटी. चौकशा बहुतेक लग्नाच्या. तीस वर्षांत तिने इतकी खोटी वयं, खोटे पगार आणि लपवलेले घटस्फोट पाहिले होते की आताशा कुणी खरं बोललं तरी तिला जांभई येई. गुडघे गेले होते, जिना चढायचा म्हटला की ती आधी पायऱ्या मोजी. मनमोहन निवृत्त झाल्यापासून रोज तिच्याकडे येऊन बसे, फायली लावी, आणि अधूनमधून चुकीचे निष्कर्ष काढून तिला योग्य निष्कर्षांकडे ढकली. निदान ती तसं म्हणे.

गिटार घरी येऊन बारा दिवस झाले होते. घरी चिंतामणीकाका, म्हणून तो ती नलूच्या खोलीवर आणून वाजवी. वाजवी म्हणजे ओळख करून घेई. तपकिरी, वजनाला दळणाच्या डब्याएवढी, चारच तारा, पण एकेक तार वाळत घालायच्या दोरीसारखी. दांडीवर आडव्या धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांच्या मधे घरं. ठरावीक घरांत पांढरे ठिपके, म्हणजे बोट कुठे ठेवायचं ते कळतं. खोड्याही होत्या. खुंट्यांपाशी तारांची कापलेली टोकं बाहेर आलेली होती. सुरात लावायला गेलं की बोटात घुसत. त्याच्या तर्जनीला दोनदा पट्टी लागली होती, आणि नलूने धनुर्वाताच्या इंजेक्शनाचा खर्चही उण्याच्या बाजूला टाकला होता. दुसरी खोडी दांडीच्या मागे. तिथे कुणीतरी मरून रंगाचे टणक फुगीर ठिपके दिले होते. ते अंगठ्याला लागत.

मंगळवारी अकराच्या सुमाराला दार वाजलं. पस्तिशीची एक बाई, खांद्याला पर्स, चपला दाराबाहेर नीट जोडून काढलेल्या. आत आल्यावर तिची नजर नलूकडे गेली नाही, मनमोहनच्या मांडीवरच्या गिटारीवर गेली.

"मनमोहन सर ना? दादरच्या निलेशभाईंनी नंबर दिला, तुमच्या शेजारच्या काकांनी इथला पत्ता," ती म्हणाली. "ही गिटार मी चोरली, असं सगळे म्हणतात. म्हटलं, एकदा बघून तरी घ्यावी."

मनमोहनने गिटार उगाचच छातीशी धरली.

तिचं नाव दीपिका. राहायला लालबागला. एका ब्युरोमार्फत माझगावला ऑस्टिन अंकल म्हणून एका वयस्क ख्रिश्चन गृहस्थांची दोन वर्षं देखभाल करत होती. अंकल चाळीस वर्षं बँडमध्ये बेस वाजवणारे. पाच आठवड्यांपूर्वी, एका बुधवारी, गिटार घरातून गेली. कुलूप फोडलेलं नव्हतं. अंकलच्या बायकोने, मॉड आंटीने, दीपिकाला दुसऱ्या दिवशी दारातूनच परत पाठवलं आणि ब्युरोला फोन केला. पोलिसांत गेल्या नाहीत, ते उपकार म्हणून. ब्युरोने काम देणं बंद केलं. तेव्हापासून ती मोबाइलमध्ये अंकलचा फोटो घेऊन वाद्यांची दुकानं पालथी घालत होती. दादरच्या निलेशने फोटोतली गिटार ओळखली. पांढऱ्या प्लेटला सात स्क्रू चांदीसारखे आणि एक पितळी.

मनमोहनने पाहिलं. आठवा पितळी होता.

"अंकलना काय आजार?" नलूने विचारलं.

"वय झालंय."

"वयाला ब्युरोची बाई लागत नाही."

दीपिकाने पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली. "त्यांच्या घरातलं मी बाहेर बोलत नाही, मॅडम. ब्युरोची बाई एकदा बोलायला लागली की तिचं संपलं."

"तुझं तसंही संपत आलंय."

"हो. पण ते त्यांच्या तोंडाने. माझ्या नाही."

मनमोहनने चांगुलपणाने गिटार तिच्यापुढे केली. तिने हात मागे घेतले. नको म्हणाली, परत ठसे उमटायला नकोत. फीचं विचारलं, तेव्हा नलूने नेहमीसारखं नंतर बघू म्हटलं. हे नंतर कधी येत नसे, हे मनमोहनला ठाऊक होतं.

ती गेल्यावर त्याने घाईने दार लावलं. "तिच्या करंगळीचं नेलपॉलिश पाहिलंस? मरून. उडालेलं. दांडीमागचे ठिपके त्याच रंगाचे आहेत. म्हणजे हिने ही गिटार चांगलीच हाताळलेली आहे."

"हाताळलीय, खरं आहे," नलू म्हणाली. "चोर चोरीच्या मालावर नक्षी काढून मग विकतो का?" तिने चष्मा चढवला आणि गिटार टेबलावर पालथी घातली. "पुढे पांढरे ठिपके आहेत. कडेला बारीक आहेत, वाजवणाऱ्याला वरून दिसावेत म्हणून. मग मागे, जिथे त्याला दिसणारच नाहीत तिथे कशाला?"

"हौस."

"कुठल्या कुठल्या घरांच्या मागे आहेत?"

त्याने मोजले. तिसरं, पाचवं, नववं, बारावं.

"पुढचे पांढरे?"

"तिसरं, पाचवं, सातवं, नववं, बारावं." तो थांबला. "सातव्याचा मी परवा ब्लेडने खरवडला. अंगठ्याला खुपत होता."

नलूने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटाच्या पट्टीकडे. "तारा तू बदलल्यास?"

"छे. आल्या तेव्हापासून नव्याच आहेत. निलेशने लावल्या असतील."

निलेशने लावल्या नव्हत्या.

त्याचं दुकान दादरला, रस्त्यापासून चार पायऱ्या खाली. खाली उतरताना डोक्याशी एक तुळई येई. मनमोहनने गिटार घेताना तिच्यावर डोकं आपटलं होतं, आजही आपटलं. निलेश हसला. म्हणाला, नवा माणूस आपटतोच, तो अंकल तेवढा नाही आपटला. पायऱ्यांवरून बरोबर वाकून आला आणि वर मलाच म्हणाला, इथे बल्ब लाव रे, कुणाचं तरी कपाळ फुटेल.

तो अंकल म्हणजे गिटार विकायला आलेला माणूस. सत्तरीचा, काळी टोपी, सर्दी झाली म्हणून तोंडाला मास्क. नाव ऑस्टिन सांगितलं. घासाघीस केली नाही. निलेशने पुसून तेवढी भिंतीला टांगली. तारांना हातही लावला नाही, कारण तारा कोऱ्या होत्या. विकणाऱ्याकडून तो कागद करून घेई. तो त्याने काढून दाखवला. नाव, रक्कम, तारीख, त्या बुधवारनंतरचा शुक्रवार. आणि लहानशा चौकटीत नेमकी बसवलेली वळणदार सही. मागे आधार कार्डाची झेरॉक्स जोडलेली. फोटो इतका काळा की त्यात मारुतीही खपला असता. झेरॉक्सच्या मधून एक कोरी पांढरी पट्टी गेलेली होती, तिरपी, आणि पट्टीच्या कडेला पेनाच्या अक्षरांचे दोन-तीन शेंडे डोकावत होते.

"मालकाने स्वतःच विकली," रस्त्यावर आल्यावर मनमोहन म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं होतं. चोरीची नाही म्हणजे गिटार त्याची. "म्हाताऱ्याला पैसे हवे असतील, बायकोला सांगायची लाज. आणि आळ त्या बाईवर."

"असेल," नलू म्हणाली. "टॅक्सी बघ. माझगावचा जिना किती पायऱ्यांचा आहे, देव जाणे."

बावीस पायऱ्यांचा होता. जुनं लाकडी घर, बाहेरच्या खोलीत दोन मोठे स्पीकर आणि एक अँप्लिफायर भिंतीला लावून ठेवलेले, त्यांच्यावर क्रोशाचे रुमाल. मॉड आंटी सत्तरीच्या, लहान चणीच्या, फुलाफुलांचा गाऊन. दीपिकाचं नाव काढताच त्यांचं तोंड मिटलं, आणि मग बराच वेळ मिटलं नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. बुधवारी ती दोघं माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात, दीपिकाला त्या दिवशी अर्धी सुट्टी. परत आले तर गिटार नाही. चाव्या दोन, एक आंटीच्या बटव्यात, एक त्या पोरीकडे. दुकानात पुरुष गेला होता? मग तिनेच कुणाला तरी पाठवला असणार. आधार कार्ड? ते कपाटात, प्लास्टिकमध्ये, हललेलं नाही. झेरॉक्स फक्त बँकेला दिली आणि बेसिलला. बेसिल बँडचा लीडर. क्लबच्या पाससाठी सगळ्यांची कागदपत्रं तोच गोळा करतो. "मी तर झेरॉक्सवर आडवं लिहून देते, कशासाठी दिली ते. बँकेतल्या माणसाने शिकवलंय."

ऑस्टिन अंकल खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून होते. उंच, इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. मनमोहनने पुढे होऊन हात पुढे केला. अंकलनी तो लगेच घेतला नाही. मग मनमोहन "नमस्कार" म्हणाला, तेव्हा त्यांनी हात उचलला आणि घट्ट दाबला. मनमोहनला वाटलं, जुन्या वळणाचा माणूस, परक्याशी जपून. मॉड आंटींनी चहा आणला. अंकलपाशी कप ठेवताना त्यांनी बशीवर चमचा एकदा वाजवला. अंकलनी बोलता बोलता हात नेऊन कप उचलला.

"तुम्ही विकली नाही?" नलूने त्यांना सरळच विचारलं.

"माझा हात विकला असता मी," अंकल म्हणाले. "हाताची जोडी असते. तिची नव्हती."

मनमोहनने चहा पटकन संपवला. बारा दिवस ती आपल्या मांडीवर आहे, हे सांगायचा धीर त्याला झाला नाही, आणि नलूनेही ते काढलं नाही. तिने भलतंच विचारलं, तारा शेवटी कधी बदलल्या?

या प्रश्नाला दोघंही हसली. त्या घरातलं पहिलंच हसू. बदलायच्या कशाला, आंटी म्हणाल्या. दर नाताळाच्या आधी मी तारा काढते, टोपात पाणी नि सोडा घालून उकडते, पुसते, परत लावते. हल्ली लावायचं कामही माझंच. टोक खुंटीच्या मधल्या भोकात नीट खाली खुपसायचं असतं, नाहीतर बोटं फाटतात. पंधरा वर्षं त्याच तारा. बेसिल चिडवतो, मॉड तारांचं कालवण करते म्हणून.

निघताना नलू स्पीकरपाशी थांबली. हे जड सामान कोण हलवतं? बेसिलच, आंटी म्हणाल्या. बँडचं सामान कायम इथेच असतं, आम्ही घरात नसलो तरी तो येऊन घेऊन जातो. चांगला माणूस. गिटार गेल्यावर आठवड्याने क्लबकडचं ऑस्टीचं मागचं राहिलेलं म्हणून पाकीट आणून दिलं. मागितलंही नव्हतं.

जिना उतरताना नलू कठड्याला धरून एकेक पायरी घेत होती. "काय समजलं?" तिने विचारलं.

"की म्हातारा खोटं बोलत नाही," मनमोहन खिन्नपणे म्हणाला. "म्हणजे गिटार चोरीची. म्हणजे त्या बाईने माणूस पाठवला."

"छान. अजून एक जिना चढू आणि मग मी तुझं चुकलेलं उत्तर तपासते."

तो जिना माहीमचा. बेसिल आपल्या बाहेरच्या खोलीत गिटारचे वर्ग घेई. सडपातळ, पिकल्या केसांची शेंडी बांधलेली, खुंटीला काळी टोपी. पण काळी टोपी मनमोहनकडेही होती. बेसिल एका शिष्येच्या सहा तारांच्या गिटारीला नवी तार चढवत होता. खुंटीच्या आरपार ओढली, पिळली आणि उरलेलं शेपूट कटरने कट् करून उडवलं. तुकडा मनमोहनच्या पायाशी पडला.

तारा दर महिन्याला बदलायच्या, तो म्हणाला. जुनी तार म्हणजे शिळी पोळी. ऑस्टिनला चाळीस वर्षं सांगतोय.

ऑस्टिनबद्दल तो आपुलकीने बोलला, आणि मग आवाज खाली गेला. शेवटचं वर्ष वाईट गेलं. बँडमध्ये नियम साधा असतो, मी मान हलवली की गाणं संपतं. ऑस्टिन तीन वेळा पुढे वाजवत राहिला. सगळे थांबलेले, क्लब भरलेला आणि मागून एकटा बेस चाललाय. स्टेजच्या पायरीवरून एकदा पडलाही. "तरुणपणी प्यायचा. सोडली होती. आम्ही काय ते समजलो. क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, माणूस बदला. चाळीस वर्षांच्या माणसाला हे कोण सांगणार?"

"मग सांगितलं का कुणी?"

"गिटारच गेली ना," बेसिल म्हणाला. "प्रश्न मिटला."

खाली आल्यावर नलूने फूटपाथवरच्या कट्ट्यावर बसकण मारली आणि गुडघे चोळले. रविवारी चारला सगळ्यांना माझगावला बोलाव, म्हणाली. दीपिकालाही. आणि गिटार घेऊन ये.

"म्हणजे ती द्यावी लागणार?"

नलूने टॅक्सीला हात केला.

रविवारी बाहेरच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या. दीपिकाने आतली खुर्ची घेतली नाही, दाराजवळच्या स्टुलावर बसली. मॉड आंटी तिच्याकडे बघत नव्हत्या. बेसिल स्पीकरला टेकून उभा होता. मनमोहनने कव्हरातली गिटार भिंतीला लावून ठेवली. ती कुठली, हे दीपिकाखेरीज अजून कुणाला माहीत नव्हतं.

नलू बसल्या बसल्याच बोलली. आवाजात चोर पकडल्याचा आनंद नव्हता. उशीर झालेल्या कामाचा असतो तसला सूर होता.

"गिटार विकायला सत्तरीचा एक पुरुष गेला. तो कोण, याची उत्तरं तीनच. अंकल स्वतः. दीपिकाने पाठवलेला कुणी. किंवा तिसरा. आधी अंकल. विकणारा अंधाऱ्या पायऱ्यांवरून एकटा उतरला, तुळईखाली आपणहून वाकला, चौकटीत नेमकी सही केली." ती थांबली. "अंकल, पुढचं तुम्ही बोलता की मी?"

अंकलनी चेहरा दाराकडे वळवला. "दीपिकाने सांगितलं?"

"नाही. पाच आठवडे काम गेलं, तरी नाही. गिटारीने सांगितलं. दांडीच्या मागे पाच फुगीर ठिपके होते. डोळ्यांना ते कधी दिसणार नाहीत, पण तिथे अंगठा असतो. ते अंगठ्यासाठी आहेत."

मॉड आंटी "नको" म्हणाल्या, पण हळू. अंकलनी हात वर केला.

"बेसिल," ते म्हणाले, "दोन वर्षं झाली. आधी कडा गेल्या, मग मधलं. ठिपके या मुलीने दिले, तिच्या नेलपॉलिशने, एकेक मोजून. कुणाला कळू दिलं नाही, कारण आंधळ्या माणसाला स्टेजवर कोण चढवतो? तू मान हलवायचास, ते मला दोन वर्षांत दिसलेलं नाही."

बेसिल स्पीकरपासून सरळ झाला. स्पीकरवरचा रुमाल त्याच्या मुठीत आला होता.

"म्हणजे अंकल नाहीत," नलू पुढे म्हणाली. "आता दीपिकाचा माणूस. गिटारीला नव्या तारा होत्या. दुकानदाराने लावल्या नाहीत. या घरात उकडतात, विकत घेत नाहीत. चोर विकायच्या मालावर पदरचे पैसे घालत नाही, तो मिळेल ते घेऊन पळतो. मग जाणाऱ्या गिटारीला नव्या तारा कोण लावेल? ज्याला जुन्या तारा बघवत नाहीत तो. आणि त्याने त्या कशा लावल्या ते मनमोहनच्या बोटाला विचारा. मनू, दाखव."

मनमोहनने पट्टीचं बोट पुढे केलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्याला कुणी पुरावा म्हणून उभं केलं नव्हतं.

"बेसच्या खुंटीला मधे भोक असतं. टोक त्यात खुपसायचं, हे आंटींनाही माहीत आहे. हिच्या खुंट्यांवरची टोकं बाहेर काढून कटरने उडवलेली आहेत. सहा तारांच्या गिटारीचा हात. चाळीस वर्षं बेसच्या शेजारी उभा राहिला, पण बेसची तार कधी बदलली नाही, असा हात." तिने पर्समधून निलेशकडच्या कागदाची प्रत काढली. "झेरॉक्सवर तिरपी कोरी पट्टी आहे. आंटींनी जे आडवं लिहिलं होतं, त्यावर कागद ठेवून परत झेरॉक्स काढली. बँकेची प्रत बँकेत आहे. दुसरी पासासाठी दिलेली. आणि चाव्या दोन नाहीत, आंटी. तिसरी सामानासाठी दिलेली आहे. तुम्ही ती मोजत नाही, कारण तो घरचा."

मॉड आंटींनी पहिल्यांदा बेसिलकडे पाहिलं. मग उठून कपाटातून एक पाकीट काढलं. क्लबच्या नावाने आलेलं.

"त्यातला एक रुपया मी घेतला नाही," बेसिल म्हणाला. "मला वाटलं, परत प्यायला लागलाय. गिटार नसली तर वाजवणं आपोआप थांबेल. मला तोंडाने सांगावं लागणार नाही. दीपिकावर जाईल, हे डोक्यात नव्हतं. गेलं, तेव्हा…"

"तेव्हा गप्प बसलात," नलू म्हणाली.

"हो."

"आणि तारा?" हे अंकलनी विचारलं.

"चाळीस वर्षं सांगत होतो, बदल. म्हटलं, निदान जाताना तरी नीट वाजू दे."

अंकलनी टाच एकदा जमिनीवर आपटली. "पाय आपटला असतास तरी पुरलं असतं, बेसिल. लाकडी स्टेज आहे. मला कळलं असतं."

मनमोहन उठला. कव्हर काढायला त्याला नेहमीपेक्षा वेळ लागला. चेन अडकत होती, किंवा तो अडकवत होता. मग त्याने सतरा दिवसांची ओळख अंकलच्या मांडीवर ठेवली. अंकलनी तारा छेडल्या नाहीत. डावा हात दांडीखाली गेला, अंगठा खालून वर सरकला, तिसरं घर, पाचवं. मग थांबला, मागे आला, परत पुढे गेला.

"सातवा कुठे गेला?"

"मी खरवडला," मनमोहन म्हणाला. "माहीत नव्हतं. अंगठ्याला खुपत होता."

"खुपायलाच हवा, बाबा," अंकल म्हणाले.

दीपिका स्टुलावरून उठली. पर्समधून मरून बाटली काढली, अंकलपुढे गुडघ्यांवर बसली, त्यांचा अंगठा धरून सातव्या घरामागे ठेवला, बाजूला केला आणि तिथे एक थेंब दिला. मग दुसरा, उंचवटा यावा म्हणून. मॉड आंटींनी तेवढ्यात ब्युरोला फोन लावला होता. चूक आमची झाली, असं त्या दोनदा म्हणाल्या, दुसऱ्यांदा मोठ्याने. फोन ठेवून त्या दीपिकाजवळ आल्या. "उद्यापासून ये गो. नेहमीच्या वेळेला."

दीपिकाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "ब्युरो देईल कुणालातरी, आंटी. औषधांची यादी फ्रिजवर आहे, डोळ्यांचे थेंब सकाळी आधी डावा." मग अंकलकडे वळून म्हणाली, "वाळायला दहा मिनिटं लागतील. तोवर हात नका लावू."

चपला घालून ती खाली उतरली. पायऱ्या वाजत गेल्या, मग वाजायच्या थांबल्या.

मनमोहनच्या हातात मॉड आंटींनी ते पाकीट दिलं. त्याने घेतलं. जिना उतरताना नलू मधल्या वळणावर दम खायला थांबली, आणि सवयीने शिल्लक काढू लागली. बेसिलने चाळीस वर्षं साठवलेला मित्र एका कागदावर खर्च केला. आता परत वाजवतील, पण पाय आपटून, आणि दर आपटण्याला त्याला आठवेल. ऑस्टिनने गुपित दिलं, गिटार परत घेतली. मॉडने मोजून जमवलेली माणसं दोन, बेसिल नि दीपिका, ती दोन्ही एका दुपारी गेली. निलेशचं काही गेलं नाही, दुकानदाराचं जात नाही. तिची स्वतःची फी नंतरवर गेली.

"निलेशचा नफा सोडला तर तुझे पैसे परत आले," ती म्हणाली. "तुझं फक्त बोट गेलं."

मनमोहनने डाव्या हाताची बोटं अंगठ्याने चाचपली. शेंड्यांवर बारीक घट्टे आले होते. महिनाभरात मऊ पडतील.

"आणि दीपिकाचे पाच आठवडे? ते कुणाच्या नावावर टाकलेस?"

नलूने कठडा धरला आणि पुढची पायरी उतरली.

"तिच्याच."